चुक-गेकची तार

सोव्हिएत संघात मराठीत छापली गेलेली बालपुस्तके ही विचारप्रसाराची साधने होती असे म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु ज्यांनी ती लहानपणी वाचली, त्यांच्या मनात प्रचारापेक्षा बर्फ, आगगाडीचा लांबलचक प्रवास आणि भांडखोर भावंडे अधिक खोलवर रुजली. मॉस्कोच्या 'प्रगती' आणि पुढे 'रादुगा' या प्रकाशनसंस्थांची ही पुस्तके मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत अत्यल्प किमतीत मिळत, त्यामुळे बेताच्या उत्पन्नाच्या घरातही रंगीत चित्रांचे पुस्तक मुलाच्या स्वतःच्या मालकीचे होऊ शकले.

प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत असे पुस्तक म्हणजे अर्कादी गायदार यांची १९३९ मधील 'चुक आणि गेक' ही कथा. दूर तैगात, म्हणजे सैबेरियातील सूचिपर्णी अरण्यात, भूगर्भसंशोधन करणाऱ्या वडिलांची तार मॉस्कोतील घरी येते, दोघा भावांच्या मारामारीत ती ठेवलेली डबी खिडकीबाहेर फेकली जाते, आणि आईने विचारले तर खरे सांगायचे, न विचारल्यास आपणहून काही बोलायचे नाही, असा करार भाऊ करतात. आपल्याकडे येण्याचा प्रवास लांबणीवर टाका, हा तारेतील निरोप आईला कळतच नाही आणि तिघे रिकाम्या तळावर जाऊन पोहोचतात. मुलांच्या मनातील भीतीचा असा प्रामाणिक हिशोब तोवर वाचनात आला नव्हता.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकण्यास जाण्यामागे नोकरीचा विचार नव्हता, ही कथा मुळातून वाचण्याची इच्छा होती. तेहतीस अक्षरांची सिरिलिक लिपी लवकर हाती येते. नामाला प्रत्यय लागून होणाऱ्या सहा विभक्तींचीही मराठी विद्यार्थ्याला फारशी धास्ती वाटत नाही. खरी कसोटी क्रियाव्याप्तीची, म्हणजे क्रिया चालू किंवा वारंवार घडणारी मानायची की पूर्ण झालेली, हे क्रियापदाच्या निवडीतूनच दाखवण्याच्या पद्धतीची. मात्र 'वाचत होता' आणि 'वाचून काढले' यांतील फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याला येथे मोठा आधार मिळतो, आणि वर्गात ही गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगितली जावी असे लेखिकेला आजही वाटते. मूळ कथा अखेर वाचता आली, तेव्हा वाक्ये आठवणीतल्यापेक्षा आखूड आणि गतिमान निघाली, तरी आईचा आवाज मात्र मराठीतच ऐकू येत राहिला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर ही पुस्तके येणे थांबले, त्यामुळे उरलेल्या प्रती प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपण्याकडे अनेकांचा कल असतो; तो समजण्याजोगा असला तरी मुलांच्या पुस्तकाला न्याय देणारा नाही. लेखिकेने आपली शिवण उसवलेली प्रत भाचरांना मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा तार म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागले, कारण भारतातील तारसेवा २०१३ मध्येच बंद झाली आहे. त्यानंतर मात्र वाद पेटला: न सांगणे म्हणजे खोटे बोलणेच, असे भाचीचे ठाम मत पडले, तर आईने विचारायलाच हवे होते, असे धाकट्याचे म्हणणे. पाने वाढली तरी दोघे हटेनात, आणि दुसऱ्या दिवशी भाचीने मैत्रिणीचा कौल घेण्यासाठी ती प्रत मागितली, तेव्हा लेखिकेने ती दप्तरात घालून नेऊ दिली.