गप्प मूल म्हणजे शांत मूल नव्हे

मुलगी दाखल होती तेव्हा वॉर्डात रोज पाहिलं. रडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. गप्प बसलेलं 'शहाणं' ठरतं. अमेरिकेतल्या मोठ्या बालरुग्णालयांत 'चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट' असतात. मुलांची उपचारांची भीती कमी करणं हेच त्यांचं काम. एकेकाच्या वाट्याला बरीच मुलं. मग आधी कुणाकडे जायचं? त्यासाठी ठरलेली प्रश्नावली असते: मुलाचा स्वभाव, दवाखान्याचे आधीचे अनुभव, आईबाबांचा ताण, उपचार किती त्रासाचे. त्यात गप्प मूलही यादीत वर येऊ शकतं. आपल्या सरकारी रुग्णालयांत असं पदच सहसा नसतं. पद मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर हे चार प्रश्न केसपेपरवर तरी छापा! त्याला मशीन लागत नाही.