चोवीस पोर्टवाला

जिन्याखालची अडगळीची जागा त्याच्या वाट्याला आली आहे. एका बाजूला इन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूला राफ्टिंगच्या ओल्या लाइफ जॅकेटांचा ढीग आणि मधे भिंतीला ठोकलेल्या लोखंडी रॅकमध्ये तो. उंची पावणेदोन इंच, तोंडावर दोन ओळींत चोवीस पोर्ट, प्रत्येक पोर्टवर एक मिचमिचणारा हिरवा दिवा. पंख्याची बारीक घरघर सोडली तर तोंडातून शब्द नाही. कोलाडच्या त्या रिसॉर्टवर येणारे पाहुणे कुंडलिका नदीला सकाळी पाणी कधी सुटणार याची चौकशी दहा वेळा करतात, पण जिन्याखाली कोण बसलंय हे त्यांच्या गावीही नसतं. पेण ते रोहा या पट्ट्यात नेटवर्कची कामं करताना मला लळा लागला तो या अबोल स्विचचा.

त्याचा जन्मजात स्वभाव मात्र अबोल नाही. ओळखी करून देणं हा त्याचा धर्म. तार जोडून यंत्र बोलू लागलं की त्याचा मॅक पत्ता तो आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो: अमुक पत्ता, अमुक पोर्ट. पुढे त्या पत्त्यासाठी काही आलं की नेमकं त्याच पोर्टवर पोचवतो. ठाऊक नसलेल्या पत्त्यासाठी काही आलं किंवा कुणी सगळ्यांच्या नावाने हाक मारली, तर ती हाक ज्या पोर्टवरून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टवर जाते. बाजारात आलेला पहिला इथरनेट स्विच 1990 सालचा, सात पोर्टचा. कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’, आणि तिच्या संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. 1994 साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज जगभरच्या रॅकमध्ये बसलेल्या या घराण्याच्या मुळाशी असं एक भारतीय नाव आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एका ऑफिसातली माणसं एकमेकांची असतात, तिथे हा मोकळा स्वभाव सोयीचा. अनोळखी माणसं एका स्विचवर आली की त्याच मोकळेपणाचा त्रास सुरू होतो. पेणमध्ये फायबर येण्याआधी इमारतीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या डब्यात स्विच असायचा आणि तिथून निळ्या तारा घरोघर उतरायच्या. एखाद्या घरात नवा वायफाय राउटर यायचा आणि घाईत कुणीतरी गच्चीवरची तार त्याच्या भलत्याच भोकात खोचायचं. इंटरनेटच्या भोकाऐवजी घरच्या भोकात. झालं! तो राउटर सगळ्या इमारतीला आयपी पत्ते वाटायला बसायचा. शेजारच्या घरातला संगणक सुरू होऊन ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारणार, आणि खऱ्या राउटरच्या आधी तिसऱ्या मजल्यावरचा हा उपटसुंभ उत्तर देणार. मग संध्याकाळी निम्म्या इमारतीचं इंटरनेट बंद, केबलवाल्याचा फोन तापलेला आणि दोष मात्र कुणाचाच नाही. स्विचने आपलं काम चोख केलेलं असायचं. हाक आली, ती त्याने सगळ्यांना ऐकवली.

यावर पहिला उपाय सुचतो तो प्रत्येक घराला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क, देण्याचा. व्हीलॅनचे क्रमांक वापरायला 4094 मिळतात, म्हणजे एका इमारतीला ते कमी पडत नाहीत. अडतं ते पत्त्यांपाशी. प्रत्येक व्हीलॅनला आपलं सबनेट, म्हणजे आयपी पत्त्यांचा आपला गट, लागतं आणि एका ग्राहकासाठी केलेल्या लहानात लहान नेहमीच्या सबनेटमध्ये चार पत्ते जातात: एक सबनेटच्या नावाचा, एक राउटरचा, एक ग्राहकाचा, एक सार्वजनिक हाकेचा. वीस ग्राहकांना ऐंशी पत्ते. तेच वीस जण एका सबनेटमध्ये बसवले तर तेवीस पत्त्यांत भागतं, बत्तीसचा एक गट पुरून उरतो. विकतचे पत्ते वापरणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो. प्रायव्हेट व्हीलॅन हवा तो इथे. सबनेट एकच, राउटर एकच, पण पोर्टपोर्टांमधलं बोलणं तोडलेलं. सिस्कोने हा प्रकार आपल्या स्विचमध्ये आणला आणि 2010 साली आरएफसी 5517 या जाहीर दस्तऐवजात तो लिहूनही प्रसिद्ध केला.

यात मूळ व्हीलॅन तो प्रायमरी. त्याच्या पोटात दुय्यम व्हीलॅन, आणि ते दोनच जातींचे: आयसोलेटेड आणि कम्युनिटी. पेण-रोहा एसटीत बसलात तर यातली पोर्टांची तीन नाती डोळ्यांसमोर दिसतात. एकटा प्रवासी शेजाऱ्याशी बोलत नाही, त्याचा व्यवहार फक्त कंडक्टरशी. हा आयसोलेटेड पोर्ट. वडखळला चढलेलं कुटुंब आपसात बोलतं आणि कंडक्टरशीही, पण मागच्या बाकावरच्या दुसऱ्या कुटुंबाशी त्याचा संबंध नाही. हे कम्युनिटी पोर्ट. आणि सगळ्यांशी ज्याचा व्यवहार होतो तो कंडक्टर म्हणजे प्रॉमिस्क्युअस पोर्ट. राउटर तिथे जोडायचा. एका प्रायमरीच्या पोटात कम्युनिटी कितीही करता येतात, आयसोलेटेड मात्र एकच, आणि तो एकच पुरतो. त्यात पन्नास जण असले तरी ते एकमेकांना दिसत नाहीत.

कोलाडच्या रिसॉर्टमालकांचा फोन आला होता तो याच दुखण्याचा. “दादा, सात नंबरच्या खोलीतल्या बाईंच्या मोबाइलवर नऊ नंबरचा टीव्ही दिसतोय. असं कसं?” तसंच होणार होतं. टीव्ही आपल्या अस्तित्वाची हाक नेटवर्कभर देत होता आणि आमचा जिन्याखालचा गडी ती इमानाने सगळ्या खोल्यांत पोचवत होता. आज टीव्ही दिसला, उद्या कुणाच्या लॅपटॉपमधलं उघडं फोल्डर दिसेल. खोली भाड्याने घेणाऱ्याने दाराला कडी आहे का ते पाहिलेलं असतं, भिंतीतल्या तारेचा विचार त्याच्या मनातही येत नाही. तो विचार आपणच करायचा असतो.

मग जिन्याखालच्या गड्याची नव्याने शिकवणी झाली. व्हीलॅन 100 प्रायमरी, 101 आयसोलेटेड, 102 आणि 103 कम्युनिटी, आणि ही तिन्ही नावं शंभराशी जोडून दिली. पोर्ट 1 ते 14 खोल्यांचे, ते 101 मध्ये. 15 आणि 16 वर ऑफिसचा संगणक आणि बिलाचा प्रिंटर, ते 102 मध्ये. 24 वर राउटर, प्रॉमिस्क्युअस. उरले 17 ते 23: सहा कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर.

या सातांवर मी बराच वेळ अडलो. कॅमेऱ्यांना एकमेकांशी बोलायचं काहीच कारण नाही, प्रत्येकाला फक्त रेकॉर्डर हवा. म्हणजे कॅमेरे आयसोलेटेड आणि रेकॉर्डर प्रॉमिस्क्युअस, हे कागदावर अगदी नेटकं दिसतं. पण आयसोलेटेड व्हीलॅन एकच, आणि त्यात खोल्या आधीच बसलेल्या. रेकॉर्डरचं दार कॅमेऱ्यांसाठी उघडलं की तेच दार चौदा खोल्यांनाही उघडं होतं. पाहुण्यांच्या अंगणातलं चित्रण पाहुण्यांच्याच हाताशी नेऊन ठेवायचं? म्हणून रेकॉर्डर आणि कॅमेरे मिळून 103 ची कम्युनिटी केली. कॅमेरे आपसात बोलू शकतात, तेवढी सूट द्यावी लागली. ती परवडते.

स्विचच्या पोटात काय चालतं तेही बघण्यासारखं आहे. खोलीतून निघालेली फ्रेम 101 क्रमांक घेऊन राउटरकडे जाते, आणि राउटरकडून परतणारं उत्तर 100 क्रमांकाने येतं. जायची वाट एक, यायची दुसरी. 101 ची वाट राउटरपाशीच संपते, ती कुठल्याही दुसऱ्या खोलीत उतरत नाही. म्हणून सात नंबरमधून मारलेली हाक नऊ नंबरला पोचूच शकत नाही, आणि राउटरची हाक मात्र सगळ्यांना ऐकू जाते. पेणच्या इमारतीतला तो उपटसुंभ राउटर अशा पोर्टवर आला असता तर त्याने कितीही पत्ते वाटायचं ठरवलं असतं, तरी मागणारी एकही हाक त्याच्यापर्यंत आली नसती.

एवढं करून काम संपत नाही, आणि नेमकं इथेच बरेच जण हत्यारं आवरून निघतात. खोलीतला एखादा हुशार पाहुणा पाकिटावर शेजाऱ्याचा आयपी पत्ता लिहून ते राउटरच्या मॅक पत्त्यावर पाठवू शकतो. स्विचच्या दृष्टीने ते राउटरला चाललंय, त्यामुळे तो अडवत नाही. राउटर आयपी पत्ता वाचतो आणि भाबडेपणाने ते शेजाऱ्याला परत पाठवतो. पुढच्या दारावर कडी आणि मागचं दार सताड उघडं, असा प्रकार. म्हणून राउटरवर नियम लिहावा लागतो: आधी राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला मुभा, आणि त्याखाली, या सबनेटमधून निघून याच सबनेटकडे जाणारं सगळं बंद. रेकॉर्डरही याच नियमाने राखला जातो.

स्वस्त स्विचमध्ये प्रोटेक्टेड पोर्ट नावाची एक सोय मिळते, अशा दोन पोर्टांमधलं बोलणं ती तोडते. एकाच स्विचपुरती ती चांगली. पण रिसॉर्टच्या मागच्या इमारतीत दुसरा स्विच लावला की इकडचा आणि तिकडचा प्रोटेक्टेड पोर्ट मधल्या तारेवरून खुशाल गप्पा मारतात, कारण ती खूण स्विचच्या बाहेर जात नाही. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये दुय्यम क्रमांक ट्रंकवरून, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या त्या मधल्या तारेवरून, पुढच्या स्विचपर्यंत जातो, म्हणून दोन्ही इमारतींतल्या खोल्या सारख्याच वेगळ्या राहतात. वायफायची गोष्टही निराळी. एकाच ॲक्सेस पॉइंटवरचे दोन मोबाइल आपसात बोलतात तेव्हा ते बोलणं स्विचपर्यंत येतच नाही. कोलाडला खोलीगणिक वेगळं वायफाय आहे, त्यामुळे टीव्ही आणि मोबाइल एका पोर्टमागे राहून जोडले जातात. जेवणाच्या हॉलमध्ये मात्र ॲक्सेस पॉइंटवरच क्लायंट आयसोलेशन, म्हणजे मोबाइलमोबाइलांमधलं बोलणं तोडणारी सोय, सुरू करावं लागलं.

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्यांत केवळ प्रायव्हेट व्हीलॅनवर भरवसा टाकू नये, असं माझं मत आहे. प्लँट चालवणारी यंत्रणा आणि ऑफिस यांच्यामध्ये फायरवॉलच हवी. तिथे त्याने एकाच कप्प्यातल्या यंत्रांना एकमेकांपासून राखण्याचं काम करावं. बाहेरून दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपला आयसोलेटेड पोर्ट द्यावा, ही सोय तर कुठल्याही कारखान्याने आजच करावी.

पेण, रोहा, कोलाड, नागोठणे कुठेही तुमचं लॉज असेल, भाड्याच्या खोल्या असतील, इमारतीला इंटरनेट देण्याचा धंदा असेल, तर स्विच लावायला येणाऱ्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणते पोर्ट आयसोलेटेड आहेत, प्रॉमिस्क्युअस पोर्टवर नक्की काय जोडलंय आणि राउटरवरून वळसा घालून शेजाऱ्याकडे जाणारी वाट बंद करणारा नियम लिहिलाय का. तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा.