आधी लहानांनी यावे

विमानतळावरच्या कोलाहलात मला एकच हाक गोड वाटते: ‘तान्ही मुले असलेल्यांनी आणि वृद्धांनी प्रथम यावे.’ वीस वर्षे मी शाळेत रांगा लावतो आहे. ठेंगण्यांनी पुढे, हा आमचा नियम विमानाच्या दारापर्यंत पोचलेला पाहून मास्तरी मनाला मोठी मौज वाटते. रुबाबदार साहेब तिष्ठत राहतात आणि लाळेरे बांधलेली स्वारी आईच्या कडेवरून दिमाखात पुढे जाते!

अर्थात हा मान वक्तशीरांचा. देशांतर्गत विमानांची चेक-इनची खिडकी बहुधा उड्डाणापूर्वी ६० मिनिटे मिटते. मग लेकुरवाळीच्या विनवण्यांनीही ती उघडत नाही. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापांपैकी एकाजवळ किंवा पालकाजवळ जागा द्यावी, असे विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाने २०२४ साली कंपन्यांना बजावले. मात्र तिकिटे एकाच नोंदणीतली हवीत. म्हणून गेल्या साली पुण्याहून नागपूरला जाण्यासाठी आम्ही पाचही तिकिटे एकत्र काढली. पाचवे आईचे. ढग वरून कसे दिसतात, ते तिला पाहायचे होते.

प्रवासाला महिना उरला असता ती गेली. तिचे तेवढे तिकीट रद्द केले. मूळ भाडे बुडाले. पण सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क प्रवाशाला परत द्यावेच लागते, तेवढे आले. ते पैसे मी तसेच ठेवले होते. यंदा त्यांतून पोरांनी आकाशकंदील आणला. दोरी ओढून त्यांनी तो इतका उंच नेला, की मला म्हणावे लागले, “पुरे रे, आजीला दिसतो आहे!”