वेताळ आणि आजी

१९८५ साली बदनापुरात आमच्या गल्लीत टीव्ही एकच. दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘विक्रम और बेताल’ लागले, की सारी गल्ली तिथे हजर. वेताळाचे काम करणाऱ्या नटाचे नाव काय, तर सज्जन! राजाने तोंड उघडले, की स्वारी त्याच्या खांद्यावरून उडून परत झाडावर. आजी करवादायची, ‘मेल्याला गप म्हणून बसवत नाही!’

१९८७ला ‘रामायण’ आले. विक्रम झालेले अरुण गोविल आता राम. सगळ्यांनी हात जोडले. आजीने आधी विचारले, ‘मढं वाहत होता ना हा? आंघोळ केली का रे?’

‘दोन वर्षं झाली त्याला, आजी!’ तेव्हा कुठे तिने हात जोडले.

पुढे आजीला खांदा देताना सारखे वाटत होते, काहीतरी बोलावे. उडून परत घरी तरी जाईल.