उत्तरेकडे चाललेला तारा

वैशाखात मध्यरात्र उलटली की मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या आकाशात भुजंगधारी तारकासमूह माथ्याकडे चढतो. पावसाळ्यात धो धो कोसळलेलं पाणी मोखाड्याच्या डोंगरउतारांवरून कधीच वाहून गेलेलं असतं. कितीतरी पाड्यांवरच्या बायका आटलेल्या विहिरीच्या काठी, झऱ्याचं पाणी साठायची वाट बघत रात्र काढतात. त्याच सुमाराला त्यांच्या डोक्यावरून, माथ्यापासून जरासा दक्षिणेला कलून, बर्नार्डचा तारा पुढे सरकतो. तो कुणाला दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद चांदणीपेक्षाही तो सुमारे पंचवीसपट मंद आहे.

आणि तरी तो आपला शेजारी आहे. मित्र नावाच्या ताऱ्याचं त्रिकूट सोडलं, तर सूर्याला याच्याइतका जवळचा दुसरा तारा नाही. अंतर जवळजवळ सहा प्रकाशवर्षं. आज दुर्बिणीत शिरणारा त्याचा किरण निघाला, तेव्हा जन्मलेलं मूल आता पहिलीत बसलं असेल. हा लाल बटू तारा सूर्याच्या एकषष्ठांश वस्तुमानाचा. इंधन इतकं जपून जाळतो की सूर्य विझल्यानंतरही अब्जावधी वर्षं तेवत राहील. वयानं तो सूर्याहून बराच थोरला असावा, असं खगोलशास्त्रज्ञ मानतात. थोरल्यांना द्यावा तसा मान मी त्याला मनोमन देतो.

त्याची खरी ओळख त्याच्या चालण्यात आहे. एडवर्ड बर्नार्ड १८५७ साली नॅशव्हिलच्या एका गरीब घरात जन्मला. शाळा फारशी वाट्याला आली नाही. नवव्या वर्षीच तो फोटो काढण्याच्या दुकानात कामाला लागला. काचेवर उतरलेल्या प्रकाशाकडे निरखून बघायची सवय त्याला तिथेच जडली असावी, असं मला फार वाटतं. पुढे खगोलशास्त्रज्ञ झाल्यावर, १९१६ साली त्यानं आकाशाच्या एकाच तुकड्याच्या फोटोंच्या दोन काचा ताडून पाहिल्या, एक नवी आणि एक १८९४ची. एक ठिपका जागेवर नव्हता. बावीस वर्षांत तो पूर्णचंद्राच्या रुंदीच्या आठव्या भागाइतका सरकला होता. आकाशातल्या कुठल्याही ताऱ्याची निजगती, म्हणजे इतर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षागणिक सरकणं, याहून मोठी नाही: वर्षाला सुमारे १०.४ विकला, जवळजवळ थेट उत्तरेकडे. पूर्णचंद्राची रुंदी ओलांडायला त्याला पावणेदोनशे ते एकशे ऐंशी वर्षं लागतात. म्हणजे पणजोबांच्या आजोबांनी त्याची जागा पाहून ठेवली असती, तर तेवढं चालणं आज आपल्याला मोजता आलं असतं.

नक्षत्रांवरून पेरणी-लावणीची वेळ ओळखणाऱ्या आपल्या माणसांनी चांदण्या कायम आपापल्या जागी आहेत असं धरलं, ते त्यांच्या कामापुरतं बरोबरच होतं. पण खरं तर सगळेच तारे वाटेवर आहेत. दिवाळी सरली की या डोंगरातली घरंच्या घरं जगायला वीटभट्ट्यांवर जातात. चालणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

२०२४मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं या ताऱ्याभोवती फिरणारा, पृथ्वीहून लहान ग्रह दाखवला. त्याचं वर्ष तीन दिवसांहून जरासंच मोठं. पुढच्याच वर्षी आणखी तीन सापडले. चारही ताऱ्याच्या फार जवळ, पाणी टिकू नये इतके तापलेले.

पाऊस उघडल्यावर, आश्विनात, नागलीची कणसं भरत आली की हा तारा संध्याकाळीच पश्चिमेकडे उतरताना सापडतो. तीन इंची दुर्बीण आणि अंधारी रात्र पुरते, आणि अंधार पोशेऱ्यात अजून शिल्लक आहे. भुजंगधारीतला सहासष्ट क्रमांकाचा तारा धरायचा, आणि त्याच्या वायव्येला अंशभराच्या आत तो लालसर ठिपका शोधायचा. शाळेतल्या मुलांनी शेजारच्या तारकांसकट त्याचं चित्र वहीत काढून खाली तारीख घालावी. दहा वर्षांनी त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलांनी पुन्हा काढावं. तो आपल्याकडे सेकंदाला ११० किलोमीटर वेगानं येतोही आहे. इसवी सन ११८००च्या आसपास पावणेचार प्रकाशवर्षांवर येईल आणि मग दूर जाऊ लागेल. तेव्हाही त्याला बघायला दुर्बीणच लागेल.