आडवी गेलेली रक्तवाहिनी

खेळता खेळता माझी लेक मध्येच उकिडवी बसायची. ओठ जांभळे व्हायचे, धाप लागायची, थोड्या वेळानं पुन्हा उठून पळायची. एका डॉक्टरांनी बाळदमा म्हणून सिरप दिलं होतं, आम्ही तेच पाजत राहिलो. ती दोन वर्षांची असताना अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यातल्या मॅडमनी तिची नखं निरखली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 78. तिथल्या तिथे त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

पुण्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. गार जेल लागताच ती दचकली, मग माझा हात धरून पडून राहिली. पडद्यावर निळा रंग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, "ताई, निळं म्हणजे खराब रक्त नव्हे. यंत्राकडे येणारं लाल दिसतं, दूर जाणारं निळं." आजार निघाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, त्यावर सरकलेली महाधमनी, फुप्फुसाकडची वाट अरुंद आणि जोर लावून जाड झालेला उजवा कप्पा. पाय दुमडून बसलं की जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं, म्हणून ती बसायची. कुणी न शिकवता!

हृदयालाच रक्त पुरवणारी एक वाहिनी मात्र इकोत नीट दिसेना. म्हणून सीटी अँजिओग्राफी केली. मांडीतून नळी घालावी लागली नाही. झोपेचं औषध, हाताच्या शिरेत सुई, आणि काही मिनिटांत ती बाहेर. सर्जननी संगणकावर तिचं हृदय फिरवून दाखवलं. ऑपरेशनमध्ये फुप्फुसाकडची वाट रुंद करायला जिथे चीर द्यायची, नेमकी तिथूनच ती काडीएवढी वाहिनी आडवी गेली होती. ती कापली गेली, तर हृदयाच्या मोठ्या भागाचं रक्त तुटतं. छाती उघडल्यावर ती डोळ्यांना दिसेलच असंही नाही. चरबीत, स्नायूत दडलेली असू शकते.

बेत बदलला. चीर टाळून उजव्या कप्प्यापासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वेगळी नळी बसवायचं ठरलं. ही नळी मुलीबरोबर वाढत नाही, पुढे बदलावी लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी खूप रडले. पण सगळं समजून घेऊन सही केली.

ऑपरेशन झालं. आता ऑक्सिजनचा आकडा 98 असतो. उकिडवी बसते ती सागरगोटे खेळायला.

रडताना, दूध पिताना बाळाचे ओठ-नखं निळी पडत असतील, तर वाट बघत बसू नका. इको करून घ्या. त्याला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.