डुप्लिकेट

आमच्याकडे येणारा पाहुणा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी हमखास थबकतो. वरच्या दोन फळ्यांवर बायकोचा पितळी संसार, म्हणजे समई, तांब्या, अडकित्ता. खालच्या तीन फळ्या माझ्या. तिथे सिनेमातले चाळीसेक वीर उभे आहेत. पाहुणा वाकून बघतो आणि गोंधळतो, कारण रोबोकॉपच्या पाकिटावर चक्क 'रॉबर्ट कॉप' असं छापलेलं असतं.

"अहो, हे डुप्लिकेट दिसतंय!"

"हो. मी डुप्लिकेटच जमवतो."

मग चहा होईपर्यंत त्याला माझं व्याख्यान ऐकावं लागतं. बायको या वेळी स्वयंपाकघरात जाते. तिचं पाठ झालंय.

या वेडाची सुरुवात 1977 च्या 'स्टार वॉर्स'पासून सांगावी लागते. सिनेमा इतका चालेल असं खेळणी करणाऱ्या केनर कंपनीलाही वाटलं नव्हतं. त्या नाताळात बाहुले तयारच नव्हते. मग कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट आणि एक कूपन विकलं. बाहुले पुढच्या वर्षी पोस्टाने आले. जिथे ते पोस्टानेही पोहोचत नव्हते, तिथे लोकांनी स्वतःच बनवले. पोलंड, हंगेरी, तुर्कस्तानात हा उद्योग चालला. तुर्की बाहुल्यांच्या मालिकेचं नाव 'उझाय', म्हणजे अंतराळ. त्यात 'हेड मॅन' आणि 'ब्लू स्टार्स' अशी नावं आहेत, जी सिनेमात शोधूनही सापडायची नाहीत. आज ते बाहुले माझ्या खिशाला परवडत नाहीत. गंमत म्हणजे आता त्यांच्याही नकला निघाल्यात!

नक्कल ओळखायची कशी? खऱ्याच्या शेजारी उभी करा. बहुतेक वेळा ती किंचित बुटकी निघते. खऱ्या बाहुल्यावरूनच साचा घेतात, त्यात ओतलेलं प्लास्टिक गार होताना आकसतं. नाकडोळे बोथट होतात, जोडाची रेघ अंगभर दिसते, रंग हाताशी असेल तो. दुसऱ्याची कला चोरून केलेला हा धंदा आहे, त्याचं मी समर्थन करत नाही. नवी नक्कल मी विकत घेत नाही. गराज सेलमध्ये, फ्ली मार्केटमध्ये कुणाच्या तरी लहानपणातून उरलेली जुनी तेवढी घेतो. जुन्या स्वस्त रंगात शिसं असू शकतं, म्हणून कपाटाला कुलूप असतं.

इथवर व्याख्यान. पुढचं मी पाहुण्यांना सांगत नाही.

1991 ची दिवाळी. पुण्यात आमच्या वाड्यात भाड्याने व्हीसीआर आणून 'रोबोकॉप' लावला होता. आयांनी आम्हा पोरांना अर्ध्यातून हाकललं, पण तेवढ्यात माझं काम झालं होतं. मी बाबांकडे रोबोकॉप मागितला. बाबा कचेरीत कारकून. "बघू" म्हणाले. वसुबारसेला त्यांनी पिशवीतून तो काढला. चंदेरी, हातात बंदूक. आमच्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या सिंहासनामागे मी त्याला पहाऱ्याला उभा केला. सगळा वाडा बघून गेला.

दोन दिवसांनी अमेरिकेहून आत्या आली. आतेभावाकडेही रोबोकॉप होता, केनरचा. त्याच्या पाठीत टिकल्यांचा रोल बसायचा आणि खटका दाबला की टिकली वाजायची. मी माझा उलटा केला. पाठीवर झाकणाची रेघ होती, झाकण नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर घातला. पाठ फुटली.

"घे रे, हाही वाजतो," असं म्हणत बाबांनी त्या फुटक्या पाठीवर टिकली ठेवली आणि वर दगड मारला. टिकली वाजली. सगळे हसले. मी मात्र सगळ्यांदेखत ओरडलो, "बाबांनी डुप्लिकेट आणलाय!" आणि तो बाहुला अंगणात भिरकावला.

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यानंतर मीही त्यांच्याकडे खेळणं मागितलं नाही. तो बाहुला पुन्हा मिळालाही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीला बाबा इथे होते. एका संध्याकाळी कपाटासमोर खुर्ची ओढून बसले आणि रॉबर्ट कॉपकडे बोट करून म्हणाले, "हा केवढ्याला?" मी डॉलर सांगितले. त्यांनी मनात रुपये केले आणि कपाळाला हात लावला.

"मला बारा रुपयांना पडला होता. तुळशीबागेत चौथ्या दुकानात मिळाला."

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवणार नाही कसं? मी कुठे बघितला होता तो सिनेमा! तू वहीच्या कागदावर चित्र काढून दिलं होतंस. ते खिशात घेऊन फिरत होतो. दुकानदाराने हा काढला, मी चित्राशी ताडून पाहिला. अगदी तस्साच होता."

मला ते चित्र अजिबात आठवत नव्हतं. पण एवढं नक्की, की त्यात पाठ नव्हती. पाठ कोण काढतं?

इतकी वर्षं मी समजत होतो, की खरा परवडत नाही म्हणून बाबांनी खोटा आणला. त्यांनी तर मी काढला तोच आणला होता.

दुसऱ्या दिवशी गराजमध्ये लेकाचा किल्ला चालला होता. खोकी, माती, थंडीमुळे रुसलेलं हळीव, आणि भारतातून आणलेले चार मावळे. पहाऱ्याला कुणी कमी पडत होतं. जमवणारे लोक बंद पाकीट कधी उघडत नाहीत, किंमत निम्म्याने उतरते. रॉबर्ट कॉपचं पाकीट मी बारा वर्षं जपलं होतं. कात्री आणली आणि कापलं. लेकाला बजावलं, हात लावायचा नाही, आजोबाच उभा करतील.

बाबांनी त्याला सिंहासनामागे उभा केला, मग पुन्हा उचलून उलटा करून पाहिला. "याच्याही पाठीत काही नाही रे," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "इथे टिकल्या मिळतात का?"

गेल्या वर्षी मिळाल्या नाहीत. यंदा बाबा पुन्हा येताहेत. टिकल्या मी आधीच आणून ठेवल्यात.